आत्या 'बरं' म्हणत नाही

एका जुन्या नाटकात एक वाक्य आहे. मी जाणार नाही थांबणार.

एवढंच. बायको दाराशी उभी, नवरा ट्रंक उचलून उभा. ती विचारते, काय ठरवलंत? आणि तो हे म्हणतो. छापील पुस्तकात मध्ये ना स्वल्पविराम, ना टिंब. एकदा मोठ्यानं म्हणून बघा. 'जाणार'वर थांबलात तर माणूस निघाला. 'नाही'वर थांबलात तर माणूस राहिला. शब्द तेच, आणि त्या बाईचं आयुष्य इकडचं तिकडे. लेखकानं हे मुद्दाम केलं की छापणाऱ्याला डुलकी लागली, यावर शहाणी माणसं पेपरातून भांडली आहेत म्हणे. मला विचाराल तर भांडण्यासारखं काही नाही. पुढच्याच क्षणी तो ट्रंक घेऊन चालता होतो आणि दुसऱ्या अंकाचा पडदा पडतो. गेला ना? मग 'जाणार'वर थांबायचं. विषय संपला.

आमच्या घरात तो संपला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

मी काही नाटकवाली नाही. माझं मॅचिंगचं दुकान आहे. अस्तर, बटणं, दोरे, चेन, इलॅस्टिक. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन येतं आणि म्हणतं, याच्यावर जाईल असं द्या. दुकान आधी आजोबांचं, मग आत्याचं, आता माझं. म्हणजे पाटी माझी, बाकी सगळं अजून तिच्याच मर्जीनं चालतं. आत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे कोणी विचारायचं नाही, असा घरात न लिहिलेला कायदा होता. मी कायदे मोडण्यात पटाईत, पण हा एक पाळला, कारण आत्या ओरडत नाही. ओरडणाऱ्या माणसाला मी भीत नाही, मी स्वतःच ओरडते. न ओरडणाऱ्यापुढे माझी बोलती बंद होते.

दिवसा दुकान आणि संध्याकाळी नाट्यमंडळ, असं तिचं आयुष्य गेलं. तिथे ती काम करायची नाही, प्रॉम्प्टर होती. विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या अंधारात, स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची प्रत, वर टॉर्चचा ठिपका, आणि नट अडला की पुढचे दोन-तीन शब्द पुरवायचे. तिचा एक नियम होता, शब्द द्यायचा, सूर द्यायचा नाही. प्रॉम्प्टरनं आवाजात राग नाहीतर रडू घातलं की नट तेच उचलतो आणि सगळं खोटं वाटतं. नटाला जे द्याल ते तो बोलतो, असं ती म्हणायची. म्हणून सपाट बोलायचं, इस्त्री फिरवल्यासारखं. ही सवय पुढे तिच्या अंगातच मुरली. 'चहा झालाय' आणि 'दुकानात चोरी झालीय' ही दोन्ही वाक्यं ती एकाच आवाजात सांगू शकते. खरंच सांगितली आहेत, एकापाठोपाठ, आणि मी आधी चहा प्यायले.

दुसरी गोष्ट तिला यायची ती जास्त अवघड होती. नट मध्येच गप्प झाला तर तो विसरलाय की थांबलाय, हे ओळखायचं. विसरलेल्याला शब्द दिला नाही तर तो बुडतो. मुद्दाम थांबलेल्याला दिला तर प्रयोग संपल्यावर तो तुम्हाला फाडून खातो. मी विचारलं होतं, कसं ओळखतेस? म्हणाली, नजरेवरून. थांबलेला माणूस समोरच्याकडे बघतो, विसरलेला खाली बघतो. दुकानातही तिचं हेच चालायचं. एखादी बाई काउंटरशी येऊन गप्प झाली, की मी म्हणायची, बोला, काय हवंय, लवकर बोला. आत्या आधी नजर बघायची. बाई खाली बघत असेल तर हळूच म्हणायची, काळी चेन का हो? आणि त्या बाईचा चेहरा असा उजळायचा, अय्या हो, तेच न्यायला आले होते.

आणि तिची एक खोड होती. आत्या 'बरं' म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय. तर तुम्ही एक दिवस हा शब्द न उच्चारता काढून दाखवा. बरं का, बरं झालं, बरं बाई, मग बरं, अगं पण बरं. आपलं अर्धं बोलणं त्याच्यावर उभं आहे. फोन ठेवताना आपण तीनदा बरं म्हणतो. आत्या 'हो' म्हणेल, 'चालेल' म्हणेल, 'ठीक' म्हणेल. ताप आला तर बरं वाटत नाही असं म्हणणार नाही, अंग मोडून आलंय म्हणेल. बरी झाली की 'उतरला' म्हणेल. मला हे लक्षात आलं ते मी दुकानात बसायला लागल्यावर, आणि मग मी तिची पाठ सोडली नाही. तिच्या तोंडून तो शब्द काढायला मी काय काय नाही केलं. ती एवढंच म्हणाली, सवय नाही. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, तो नाद सोड. बाबा सहसा मला कशालाच अडवत नाहीत, म्हणून मी सोडला.

मग एका सकाळी मंडळाचे मास्तर दुकानात आले. मास्तर म्हणजे जुने दिग्दर्शक, शाळेत कधीच शिकवलं नाही, पण सगळे मास्तरच म्हणतात. मंडळाची पन्नाशी होती. प्रत्येक गाजलेल्या नाटकातला एकेक प्रवेश करायचा ठरला होता, आणि मी सुरुवातीला सांगितलं त्या नाटकातला तो दाराशी ट्रंक घेऊन उभं राहायचा प्रवेश. नव्या पोरी, नवी पोरं आहेत, मास्तर म्हणाले, पण नवऱ्याचं काम मूळ माणूसच करणार आहे. ट्रंकवाले येतायत.

ट्रंकवाल्यांना मी फोटोत पाहिलं होतं. मंडळाच्या हॉलमध्ये एक मोठा फोटो आहे, त्यात सगळ्यात मागे एक उंच माणूस छातीशी ट्रंक धरून हसतोय. हे नाटक त्यांनी इतक्या वेळा केलं की त्यांचं खरं नाव मागे पडलं. तरुणपणीच लांबच्या शहरात नोकरी लागली म्हणून ते निघून गेले आणि तिकडचेच झाले. लग्न तिकडेच, मुलगा तिकडेच. बायको मागच्या वर्षी गेली, मास्तर म्हणाले, आणि मुलगा गाडीनं घेऊन येणार आहे. मग ते आत्याकडे वळले. तुम्ही बसाल ना विंगेत? आता त्यांना पूर्वीसारखं लक्षात राहत नाही. तुम्ही असलात तर मला घोर नाही.

आत्या अस्तर कापत होती. चालेल, ती म्हणाली, त्याच इस्त्रीच्या आवाजात. मास्तर गेले. मी काउंटरवर बघितलं तर अस्तर वाकडं कापलं गेलं होतं. मी जन्मल्यापासून त्या बाईच्या हातून वाकडं कापड गेलेलं नाही. मी तो तुकडा उचलून तिच्यासमोर धरला. कायदा बियदा गेला खड्ड्यात. मी म्हटलं, आत्या, आता सांग.

दुपारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही डबा खातो, तेव्हा तिनं सांगितलं. घास मोडत मोडत, दोऱ्यांच्या कप्प्यांकडे बघत. मधेमधे माझ्या पानात भाजीही वाढत होती.

त्या नाटकात घराचं दार तिच्या विंगेच्या बाजूला होतं. त्यामुळे ते वाक्य बोलून, बायकोला सोडून, ट्रंक उचलून ट्रंकवाले दारातून निघाले की थेट तिच्यासमोर यायचे. तिसऱ्या अंकात त्यांना अगदी शेवटपर्यंत काम नसायचं. ते ट्रंक खाली ठेवायचे, त्या ट्रंकेवरच बसायचे, आणि आत्याच्या हातातला टॉर्च काढून घेऊन स्वतः प्रतीवर धरायचे. तिचा हात दुखू नये म्हणून. पूर्ण अंक. बोलायची सोय नव्हती, विंगेत बोलत नाहीत. बोलले तर ते तिच्याच आवाजाची नक्कल करून, सपाट, कुजबुजत. चहा हवा आहे का. डावीकडचा दिवा उडाला. तुमच्या स्वेटरचं बटण तुटलं आहे. तिला हसू दाबता दाबता नाकी नऊ यायचे.

"सगळ्या थिएटरला ते जाताना दिसायचे," आत्या म्हणाली. "मला एकटीला येताना दिसायचे."

मी घास हातात धरून बसले होते. माझ्या आत्यानं आयुष्यात असं वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मग ती नोकरी. बोलावणं आलं आणि जायचं की नाही ते लगेच ठरवायचं होतं. ठरवायच्या दिवशी भर दुपारी ते दुकानात आले. आत्या एका गिऱ्हाइकाला इलॅस्टिक मोजून देत होती. काउंटरच्या कडेला पितळेची मीटरची पट्टी ठोकलेली आहे, अजून तीच आहे, त्या पट्टीच्या पलीकडे ते उभे राहिले. आत्यानं विचारलं, काय ठरवलंत? ते नाटकातलं वाक्य होतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तोंडातून जे साधं यायचं ते आलं. त्यांच्या मात्र ध्यानात आलं. ते जरासे हसले, आणि तिचाच सपाट आवाज काढून म्हणाले, मी जाणार नाही थांबणार. कुठेही न थांबता. आणि गप्प झाले. त्या पितळी पट्टीकडे बघत.

"आणि मी म्हटलं, बरं," आत्या म्हणाली.

मला आधी काही उमगलंच नाही. बरं म्हणजे काय बरं? मग तिनं सांगितलं. ते वाक्य तिनं जेव्हा जेव्हा ऐकलं होतं, त्याच्या पुढच्या क्षणी तो माणूस तिच्याजवळ आला होता. दर वेळी. एकदाही चुकलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही बाईनं ते वाक्य ऐकून काळजात धस्स करून घेतलं असतं. आत्याला वाटलं, झालं, ठरलं. समोर गिऱ्हाईक होतं, बाकीचं संध्याकाळी बोलू, असं मनात म्हणून तिनं इलॅस्टिकवर कात्री चालवली. संध्याकाळी तालमीला गेली तर कळलं, ते दुपारच्या गाडीनंच गेले होते. कारण त्यांनी विचारलं होतं, आणि ती बरं म्हणाली होती. बरं म्हणजे जा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला सरळ बोलता येत नव्हतं? स्टेजवर पल्लेदार बोलायचा आणि स्वतःच्या मनातलं सांगायची वेळ आली तेव्हा याची दातखीळ बसली? आणि तू तरी. नंतर विचारायचं नाहीस? माणसं कुठून कुठे फोन करतात. आत्या म्हणाली, काय विचारणार? त्यांना जायचंच असेल आणि मी मात्र येणं ऐकलं असेल, तर माझंच हसं. आणि थांबायचं असेल, तर मग... त्या 'तर मग'च्या पुढे ती गेली नाही. आधी विचारायची भीती वाटली, मग तिकडे लग्न झाल्याचं कळलं, आणि मग विचारायचा हक्कच राहिला नाही.

डबा आवरताना मात्र म्हणाली, "आता विचारणार. एकदाच. कुठे थांबले होते ते."

कुठे म्हणजे 'जाणार'वर की 'नाही'वर. माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आत्याला एक स्वल्पविराम हवा होता. त्या दिवसापासून माझाही जीव त्याच्यात अडकला. गिऱ्हाइकांशी बोलताबोलता मी ते वाक्य मनात दोन्हीकडे तोडून बघायची. रस्त्यात, घरी, भांडी घासताना. माझा नवरा कोपऱ्यावरून दूध आणायला निघाला आणि 'जातो' म्हणाला, तर मी त्याला परत बोलावलं, म्हटलं येतो म्हण. तो म्हणाला, अगं दूध आणायला चाललोय. मी म्हटलं तरी. लहानपणापासून बोलतो, पण कधी विचार केला नव्हता, निघताना आपण येतो म्हणतो. जाणाऱ्यानं येतो म्हणायचं आणि राहणाऱ्यानं बरं म्हणायचं. आमच्या आत्याचा घोटाळा झाला यात तिचं काय चुकलं, बोलीच तशी आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी आत्यानं राखाडी स्वेटर काढला आणि त्याची सगळी बटणं बदलली. दुकानातली शंभर बटणं त्याच्यावर लावून बघितली. दुसऱ्यांना चुटकीसरशी मॅचिंग काढून देणारी बाई, स्वतःचं म्हणताच तिला काही पसंत पडेना. मी म्हटलं, आत्या, अंधारात बसायचंय. ती म्हणाली, हो, चालेल, आणि परत डबा उघडला. शेवटी निळी लावली.

थिएटरात आम्ही लवकर पोचलो. प्रत धरून बसायला तिला, आणि टॉर्च धरायला मी, कारण तिचा हात आता फार वेळ वर राहत नाही. तिनं आपलं स्टूल घेतलं आणि शेजारी आणखी एक मांडलं. मी बसायला गेले तर म्हणाली, ते नाही. मग मी कुठे बसू? उभी राहा, म्हणाली. मी उभी राहिले.

ट्रंकवाले आले ते समोरच्या विंगेतून. लांबूनच दिसले. उंची तेवढी राहिली होती, बाकी माणूस पार वाळून गेला होता. मुलगा दंडाला धरून होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता, परतीचा रस्ता लांबचा, काळोख व्हायच्या आत निघायचं, असं सगळ्यांना सांगत होता. जुनी माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. मी आत्याला म्हटलं, चल, आत्ताच भेट, नंतर गर्दी होईल. ती जागची हलली नाही. प्रवेशाआधी नटाला भेटून त्याचं मन विस्कटायचं नसतं, म्हणाली. आणि मग, टॉर्च माझ्या हातात देताना, "दार आपल्याच बाजूला आहे. ते वाक्य झालं की इथेच येतील."

पडदा उघडला. बायकोचं काम करणारी मुलगी नवी होती, चुणचुणीत. ट्रंकवाले वाक्याला वाक्य लावत होते, हळू, पण नीट. आत्याचं बोट ओळीखालून सरकत होतं. ट्रंक रिकामी होती, पण त्यांनी ती अशी उचलली की आत एका माणसाचा सगळा संसार असावा. ते दाराकडे वळले. त्या मुलीनं विचारलं, काय ठरवलंत?

ट्रंकवाले गप्प.

मी आत्याच्या खांद्याला बोट लावलं. विसरले, दे ना. तिनं माझा हात बाजूला केला. तिचं प्रतीकडे लक्षच नव्हतं, ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते त्या मुलीकडे बघत होते, म्हणजे थांबले होते. थिएटर चिडीचूप झालं होतं. समोरच्या विंगेत मास्तरांनी कपाळाला हात लावला. आणि मग ट्रंकवाल्यांची नजर हळूच खाली आली. पायांपाशी, फळ्यांवर.

"खाली बघतायत," आत्या म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. आणि मग, "तेव्हाही खालीच बघत होते."

त्या पितळी पट्टीकडे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक विसरभोळ्या बाईची नजर जिनं ओळखली, तिला त्या एका दुपारी ओळखता आली नव्हती. तो माणूस बोलून झाल्यावर थांबला नव्हता. तो अडला होता. विंगेकडून शब्द यायची वाट बघत होता.

नियमानं 'मी जाणार' एवढे दोन शब्द पुरे होते. तेवढ्यावर गाडी रुळावर आली असती. आत्या पुढे झुकली.

"मी जाणार नाही," ती म्हणाली, आणि थांबली. नीट, 'नाही'वर. "थांबणार."

सपाट नव्हतं ते. हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. त्यात सगळं होतं, आणि ते सगळं इतकं ताजं होतं की मला रडू फुटलं. मला, जिला सिनेमात शेजारचे रडायला लागले की हसू येतं.

ट्रंकवाल्यांनी मान वर केली. मी जाणार नाही, ते म्हणाले, आणि तिथेच थांबले जिथे ती थांबली होती, तेवढंच. थांबणार. आत्याचाच सूर, जसाच्या तसा, फक्त पुरुषाच्या आवाजात. आणि त्यांनी ट्रंक खाली ठेवली.

ती मुलगी भांबावून बघत राहिली. मग कोणीतरी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. लोकांना वाटलं काहीतरी नवीन केलंय. मास्तर हातवारे करत होते, शेवटी कोणीतरी पडदा पाडला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते थांबले होते. म्हणजे दारातून बाहेर पडले नव्हते. म्हणजे आमच्या विंगेत आले नव्हते. शेजारचं स्टूल रिकामंच होतं.

पलीकडच्या विंगेतून माणसं धावत स्टेजवर आली. कोणी पाठ थोपटतंय, कोणी फोटो काढतंय, मुलगा गर्दीत शिरून वडिलांचा दंड शोधतोय. मी म्हटलं, आत्या, ऊठ, चल, आत्ताच. ती उठली. स्टुलावर हात टेकून अर्धी उठली, गुडघा धरून. तिनं आयुष्यात कधी विंगेच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि तिथेच अडली. तोवर मुलानं त्यांना पलीकडच्या बाजूला नेलं होतं. तिथे ते वळले. आमच्या कोपऱ्याकडे तोंड करून, डोळ्यांवर दिवे घेत. त्यांना अंधारात काय दिसलं असणार, काहीच नाही. कोणाच्याही घरून निघताना म्हणावं तसं ते मोठ्यानं म्हणाले, "येतो."

आत्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. ते एवढंसं थांबले, मग मुलानं त्यांना वळवलं.

मी तिच्यावर भडकले. टॉर्च बंद करून रिकाम्या स्टुलावर टाकला आणि भडकले. विचारणार होतीस ना? एवढी वाट बघितलीस, बटणं लावलीस, स्टूल मांडलंस. मिळालं का उत्तर?

"मिळालं," आत्या म्हणाली.

"काय मिळालं? तू दिलंस ते ते बोलले. नटाला जे द्याल ते तो बोलतो, तूच सांगतेस."

"हो," ती म्हणाली. "त्या दिवशीही बोलले असते."

तिनं प्रत मिटली, स्टुलं एकात एक घातली, आणि आम्ही घरी आलो. वाटेत ती एकदा म्हणाली, निळी बटणं नको होती, करडीच चांगली होती. मी म्हटलं, नाही, निळीच चांगली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. एक बाई जांभळ्या कापडाचा तुकडा घेऊन आली. तसं अस्तर आमच्याकडे नव्हतं. आत्या तो तुकडा घेऊन दारात गेली, ट्यूबलाइटमध्ये रंग कळत नाही म्हणून, आणि उजेडात बराच वेळ बघत राहिली. मागवून ठेवते, म्हणाली. बाई घाईत होती. तिनं पिशवी उचलली, पायरी उतरली, आणि जाता जाता म्हणाली, मग येते हं.

"बरं," आत्या म्हणाली.

मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं अस्तर कापत होते. हात तिथेच राहिला. ती बाई केव्हाच रस्ता ओलांडून गेली होती. आत्या दारातच उभी होती, तुकडा हातात धरून, रस्त्याच्या पार त्या टोकाकडे बघत. थोडं थांबून तिनं आणखी एक शब्द म्हटला, "या."

मग ती आत आली, काउंटरवरून डोकावली आणि म्हणाली, वाकडं कापलंयस.